यादीबाहेरची शिक्षा

दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या कार्यालयातले एक निलंबित गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन बसायचे आणि कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहून द्यायचे: ‘मी निलंबनाच्या काळात अन्य कोणतीही नोकरी, धंदा वा व्यवसाय करीत नाही.’ खाली सही आणि तारीख. हा कागद जोडल्याशिवाय त्यांचा निर्वाह भत्ता, म्हणजे निलंबनात पगाराऐवजी मिळणारी रक्कम, निघत नसे. पहिले दोन-तीन महिने ते दोन शब्द बोलायचे, चहा घ्यायचे. सातव्या-आठव्या महिन्यापासून उभ्या उभ्याच कागद ठेवून निघून जाऊ लागले. तोवर त्यांच्यावर दोषारोपपत्र बजावलेलं नव्हतं. आपल्यावर नेमका काय आरोप आहे, हे त्यांना कोणी लेखी कळवलेलंच नव्हतं.

एकदा त्यांनी अर्ज केला. आठ महिने मी शिक्षा भोगतो आहे, ती थांबवावी, एवढाच मजकूर. मी आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या शाखेत होतो, त्यामुळे उत्तराचा मसुदा माझ्याकडेच आला. मी लिहिलं: ‘निलंबन ही शिक्षा नाही. सबब, आपली विनंती मान्य करता येत नाही.’ साहेबांनी एकही शब्द न बदलता सही केली. नियम पाहिले तर त्या उत्तरात काना-मात्रेचीही चूक नव्हती. आज निवृत्तीनंतर इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य मनातून जात नाही.

शिक्षा कशाला म्हणायचं, हे आपल्याकडे नियमात लिहिलेलं आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधला पाचवा नियम म्हणजे शिक्षांची यादी. ठपका ठेवणं, पदोन्नती रोखणं, शासनाचं झालेलं नुकसान पगारातून वसूल करणं, वेतनवाढ रोखणं, खालच्या टप्प्यावर किंवा खालच्या पदावर आणणं, सक्तीनं निवृत्त करणं, सेवेतून काढून टाकणं आणि शेवटी बडतर्फी. काढून टाकणं आणि बडतर्फी यांत फरक असा, की बडतर्फ झालेल्याला सर्वसाधारणपणे सरकारी नोकरीचं दार पुन्हा उघडत नाही. बस, इतकंच. यादी हाताच्या बोटांवर मावते. याच नियमाला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे. विभागीय परीक्षा उत्तीर्ण न झाल्यानं वेतनवाढ न मिळणं, विचार होऊनही पदोन्नती न मिळणं, परिविक्षाधीन, म्हणजे अजून कायम न झालेल्या, उमेदवाराची सेवा अटींनुसार संपवणं, अशा गोष्टी शिक्षा समजल्या जाणार नाहीत, असं ते सांगतं. निलंबन तर या यादीच्या आधी, चौथ्या नियमात आहे. तिथं ते शिक्षा म्हणून नाही, चौकशी निर्वेध व्हावी म्हणून केलेली व्यवस्था म्हणून आहे.

ही यादी वाचताना अधिकारी मंडळी एक गोष्ट हमखास विसरतात. ती कर्मचाऱ्याला धाक घालण्यासाठी केलेली नाही, अधिकाऱ्याचा हात बांधण्यासाठी केलेली आहे. यादीत आहे तेवढीच शिक्षा देता येते, आणि तीही ठरवून दिलेल्या वाटेनं जाऊन. सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका पोलीस उपनिरीक्षकाच्या प्रकरणात हेच सांगितलं. वरिष्ठांनी शिक्षा म्हणून त्याचं सचोटीचं प्रमाणपत्र रोखलं होतं. न्यायालयानं विचारलं, ही शिक्षा तुमच्या नियमांत कुठे आहे? नव्हती. शिक्षा रद्द झाली. सचोटीवर शंका असेल तर रीतसर आरोप ठेवा, सिद्ध करा आणि यादीतली शिक्षा द्या. यादीबाहेरची नवी शिक्षा घरी बसून तयार करता येत नाही.

मग ज्याला शिक्षा तर द्यायची आहे पण चौकशीची यातायात नको आहे, तो काय करतो? तो यादीत नसलेल्या गोष्टीकडे वळतो आणि तिला शिक्षा म्हणायचं टाळतो. नाव टाळलं की वाटही टळते. नोटीस नको, साक्षीदार नको, उलटतपासणी नको, कारणमीमांसा नको. माझी सगळी तक्रार या एका युक्तीबद्दल आहे, आणि ती मी वर्षानुवर्षं माझ्याच हातानं टंकलिखित होताना पाहिली आहे.

निलंबनाचंच घ्या. पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता. उशीर कर्मचाऱ्यामुळे झालेला नसेल तर त्यानंतर तो वाढवता येतो, साधारण पाऊण पगारापर्यंत. आदेशात मुख्यालय ठरवून दिलेलं असतं आणि परवानगीशिवाय ते सोडता येत नाही. कागदावर एवढंच. कागदाबाहेर काय होतं, ते आस्थापना शाखेच्या खिडकीतून दिसतं. या गृहस्थांनी कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलेलं होतं, मुलीच्या शिक्षणासाठी. अर्ध्या पगारात हप्ता थकला. पतसंस्थेनं आपल्या नियमाप्रमाणे जामीनदारांकडे वसुली लावली. दोन जामीनदार, दोघेही आमच्याच कार्यालयातले, एक शिपाई आणि एक वाहनचालक. त्या दोघांच्या पगारपत्रकात दुसऱ्याच्या कर्जाची कपात दिसू लागली, ती महिन्यामागून महिने. शिपायाच्या बायकोनं एक दिवस कार्यालयात येऊन मला विचारलं, ‘साहेब, आमच्या ह्यांनी काय गुन्हा केला?’ मी तिला काय सांगणार होतो? जामीनदाराची जबाबदारी समजावून सांगितली. तीही नियमाप्रमाणे बरोबरच होती.

याहून वाईट घडू शकतं. मध्य प्रदेशातल्या एका निलंबित कर्मचाऱ्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात 1973 मध्ये निकाली निघाला. तो राहायचा रीव्याला आणि त्याची चौकशी चालली होती जगदलपूरला, पाचशे किलोमीटरवर. निर्वाह भत्ता हातात नव्हता. चौकशीला जायला माझ्याकडे पैसे नाहीत, असं त्यानं कळवलं होतं. चौकशी त्याच्या गैरहजेरीत उरकली गेली. न्यायालयानं ती चौकशीच रद्दबातल ठरवली, कारण उपाशी माणसाला बचावाची संधी दिली असं म्हणता येत नाही. त्या काळात त्याला ‘शिक्षा’ कोणी दिलेली नव्हती, हे लक्षात घ्या. केवळ एक ‘व्यवस्था’ केलेली होती.

1987 मध्ये याच न्यायालयासमोर केंद्र सरकारच्या एका अभियंत्याचं प्रकरण आलं. त्याचं निलंबन सुमारे अकरा वर्षं चाललं होतं. पुढे 2015 च्या निकालानं मर्यादाच घातली: तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही. महाराष्ट्र शासनानं 9 जुलै 2019 च्या शासन निर्णयानं ते स्वीकारलं. माझ्या टेबलावरची गोष्ट त्याच्या आधीची आहे. तो निर्णय तेव्हा असता तर त्या गृहस्थांच्या अर्जाला मला ते उत्तर लिहिता आलं नसतं. पण शासन निर्णय निघाला म्हणून सवय मोडते असं नाही. नव्वद दिवस भरत आले की घाईघाईनं कच्चं दोषारोपपत्र बजावायचं आणि मग चौकशी आरामात चालू द्यायची, ही नवी वाट आहेच.

निलंबनाची दुसरी बाजूही मला तितकीच खुपते, आणि ती लोकांच्या बाजूची आहे. एखादा घोटाळा उघड होतो, पूल पडतो, रुग्णालयात आग लागते. दुसऱ्या दिवशी मथळा येतो: ‘तडकाफडकी निलंबन’. लोकांना वाटतं, शिक्षा झाली. सभागृहात मंत्र्यांनी घोषणा केली की बाकं वाजतात. खरं तर त्या क्षणी काहीच झालेलं नसतं. दोष सिद्ध झालेला नसतो, शिक्षेची प्रक्रिया सुरूही झालेली नसते. चार-सहा महिन्यांनी लक्ष दुसरीकडे गेलं की माणूस कामावर परत येतो आणि चौकशीची फाइल रेंगाळते. दोषी असेल तर त्यानं घरी बसून पाऊण पगार घेतला आणि सुटला. निर्दोष असेल तर ज्याची चौकशीच झाली नाही, तो डाग घेऊन तो उरलेली नोकरी करतो. दोघांनाही एकाच मापानं मोजणारी ही पद्धत न्यायाची नाही, आणि ज्यांचं माणूस त्या आगीत गेलं त्यांच्यासाठी तर मुळीच नाही. निलंबनाला शिक्षा समजून समाधान मानणारा समाज खरी शिक्षा मागायचंच विसरतो.

बदलीबद्दल बोलायचं तर मला जरा जास्त बोलावं लागेल. बदली ही सेवेची अट आहे, शिक्षा नाही. नोकरीत येतानाच ते मान्य केलेलं असतं. महाराष्ट्रात 2005 चा बदल्यांच्या विनियमनाचा कायदा आहे. तीन वर्षांचा सामान्य पदावधी, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत, आणि मुदतीआधी बदली करायची तर खास कारणं लेखी नोंदवायची, असं तो सांगतो. ती कारणं कशी नोंदवली जातात? ‘प्रशासकीय कारणास्तव’. दोन शब्द. या दोन शब्दांच्या पोटात मी काय काय पाहिलं आहे! निविदेवर सही न करणं, सभेत प्रश्न विचारणं, एका नातेवाइकाचं काम अडवणं. आणि हेही सांगतो, की खरोखरच पैसे खाणाऱ्या माणसाची चौकशी टाळण्यासाठीही हेच दोन शब्द वापरले गेले. चौकशी लावली तर वरची नावं निघतील, त्यापेक्षा याला इथून हलवा.

आणि हलवायचं कुठे? ‘गडचिरोलीला पाठवीन’ ही धमकी महाराष्ट्रातल्या कुठल्या सरकारी माणसानं ऐकलेली नाही? 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा आमच्या बोलण्यात शिक्षेचं नाव होऊन बसला. एकीकडे याच शासनानं 2002 च्या शासन निर्णयानं आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागांत काम करणाऱ्यांना एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता दिला, म्हणजे तिथं जाणं हे कौतुकाचं काम आहे असं मानलं. दुसरीकडे नकोशा माणसाला तिथंच धाडलं. ज्याला एका तालुक्यात काम नीट करता येत नाही असा आपला निष्कर्ष आहे, तो भामरागड किंवा एटापल्लीच्या माणसाला कसा काय चालतो? ज्या बाईला बाळंतपणासाठी आरोग्य केंद्र गाठायचं आहे, ज्या मुलाला शिक्षक हवा आहे, त्यांच्या वाट्याला आपण मुद्दाम नाखूश किंवा नालायक माणूस पाठवतो. ही शिक्षा कर्मचाऱ्याच्या नावानं काढलेली असते आणि भोगतो तो जिल्हा. तिथल्या एका शाळेतल्या मुख्याध्यापकांनी मला विचारलं होतं, ‘आम्ही कोणाचा काय अपराध केला, म्हणून तुमच्याकडचे आमच्याकडे पाठवता?’ शिपायाच्या बायकोनं विचारलेलाच प्रश्न.

शिक्षेऐवजी केलेली बदली बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये स्पष्ट सांगितलं. पण ती शिक्षेऐवजी केली हे सिद्ध करायचं ओझं कर्मचाऱ्यावर येतं. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये, जायचं तर वकील, तारखा, प्रवास. बहुतेक जण गपगुमान रुजू होतात.

आता ज्या प्रश्नावर वकील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आली आहेत तो प्रश्न: शिक्षा आहे की नाही, हे ठरवायचं कशावरून? नावावरून, की परिणामावरून, की हेतूवरून? संविधानाचा अनुच्छेद 311 बडतर्फी, सेवेतून काढणं आणि पदावनती या तिन्हींसाठी चौकशी सक्तीची करतो. त्याचा अर्थ लावणारा धिंग्रा खटला 1958 च्या निकालांत छापलेला आहे. रेल्वेतला एक कर्मचारी वरच्या पदावर स्थानापन्न, म्हणजे तात्पुरता, होता, त्याला मूळ पदावर परत पाठवलं. बहुमतानं ठरवलं, की त्या पदावर त्याचा हक्कच नव्हता, म्हणून ही शिक्षा नाही; मात्र पगार किंवा ज्येष्ठता गमावण्यासारखे दुष्परिणाम सोबत आले तर ती शिक्षा ठरेल. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, त्यांनी वेगळं मत दिलं. आदेशाचं रूप काय आहे याला महत्त्व नाही, त्या माणसाचं प्रत्यक्षात काय नुकसान झालं ते पाहा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. 1974 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठानं पंजाबातल्या परिविक्षाधीन न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रकरणात सांगितलं, की आदेशाची भाषा निरुपद्रवी असली तरी त्यामागे गैरवर्तनाचा ठपका असेल तर ती शिक्षाच आहे.

मला या चर्चेतून एक साधी कसोटी सापडते, आणि मी मसुदे लिहित असताना कोणी ती मला शिकवली असती तर बरं झालं असतं. आदेशाचं खरं कारण त्या माणसाच्या कथित दोषात आहे, की कामाच्या गरजेत? त्या खुर्चीवर दुसरा कोणी असता तरी हा आदेश निघाला असता का? नसता, तर ती शिक्षा आहे, नाव काहीही द्या. आणि व्यवस्था म्हणून केलेल्या गोष्टीला काळाचं बंधन हवं. ज्या कारणासाठी ती केली ते कारण संपल्यावरही ती चालू राहिली, तर त्या दिवसापासून ती शिक्षा होते. रोखपालाच्या हिशेबात घोळ आहे, तिजोरीची किल्ली त्याच्या हाती ठेवता येत नाही, हे कोणालाही पटेल. पण सगळी कागदपत्रं ताब्यात घेऊन झाली, साक्षीदारांचे जबाब झाले, तरी तो घरीच बसलेला आहे. आता तो तिथं कशासाठी आहे?

वेतनवाढीच्या बाबतीत तर शिक्षा यादीत असूनही तिचं खरं वजन लपवता येतं. आदेशात ‘एक वेतनवाढ तात्पुरत्या स्वरूपात’ आणि ‘एक वेतनवाढ कायमस्वरूपी’ असा दोनच शब्दांचा फरक असतो. मूळ वेतन 40,000 रुपये धरा, वार्षिक वाढ 3 टक्के, म्हणजे 1,200 रुपये. वर्षभर तात्पुरती रोखली तर नुकसान 14,400. कायमची रोखली आणि नोकरीची 15 वर्षं उरलेली असली तर 2,16,000, तेही महागाई भत्ता आणि पुढच्या वाढींवरचा परिणाम न धरता. शिवाय निवृत्तिवेतन कायमचं कमी. दोन्हींना ‘वेतनवाढ रोखणे’ म्हणून किरकोळ शिक्षेच्या छोट्या वाटेनं नेलं जायचं. पंजाबातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1990 मध्ये ही चलाखी ओळखली. दोन वेतनवाढी कायमच्या रोखणं म्हणजे माणसाला खालच्या टप्प्यावर ढकलणं, त्यासाठी पूर्ण चौकशी हवी, असा तो निकाल. आजही आदेश हातात पडल्यावर कर्मचारी शिक्षेचं नाव वाचतो, आणि त्या एका विशेषणाकडे त्याचं लक्ष जात नाही. मी तरी प्रत्येकाला ते बोट ठेवून दाखवतो.

कंत्राटी कर्मचाऱ्यांना तर ही यादीच लागू नाही. ‘करार संपुष्टात आला’ एवढं म्हटलं की झालं. त्यांना ना 311, ना चौकशी, ना अपील. जिथं शिक्षा हा शब्दच वापरावा लागत नाही, अशा नोकऱ्या आपण वाढवत चाललो आहोत, आणि यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी हलका मानत नाही. प्रत्येक बदलीला आणि प्रत्येक निलंबनाला शिक्षा म्हणायचं ठरवलं तर अधिकारी काम करणार कसे? कामचुकार माणूस प्रत्येक आदेशाला ‘मॅट’मध्ये खेचेल. हे घडतं, मी पाहिलं आहे. पण त्यावरचा उपाय लपवाछपवी हा नाही. कामचुकाराची रीतसर चौकशी करा ना. चौकशी वर्षानुवर्षं लांबते म्हणून तिला वळसा घालायचा, आणि वळसा मिळतो म्हणून चौकशीची यंत्रणा कधीच सुधारायची नाही, हे चक्र तोडायला हवं. ज्या अधिकाऱ्याला माणसाला हलवायचं आहे त्यानं खरं कारण लिहावं. ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे शब्द मुदतीआधीच्या बदलीत कारण म्हणून चालणार नाहीत, असा साधा दंडक का नसावा? निलंबनाच्या प्रत्येक आढाव्यात ‘अजूनही का’ याचं उत्तर त्या दिवशीच्या तारखेनं का लिहिलं जाऊ नये? आणि निलंबित माणसाच्या जामीनदारांवरची वसुली चौकशीचा निकाल लागेपर्यंत थांबवायला सहकारी पतसंस्थांना काय अडचण आहे?

त्या गृहस्थांची चौकशी शेवटी पूर्ण झाली. निलंबन उठलं तेव्हा चौदा महिने झाले होते, आणि निकाल त्यानंतर वर्षभरानं आला. आरोपांपैकी एकच अंशतः सिद्ध झाला, नोंदवहीत वेळेवर नोंद न घेतल्याचा. शिक्षा झाली ठपक्याची, यादीतली सर्वांत सौम्य. त्यांच्या सेवापुस्तकात ती नोंद मीच घेतली, लाल शाईनं, दीड ओळीत. त्याच पानावर वर निलंबनाच्या चौदा महिन्यांची नोंद निळ्या शाईनं होती, कारण ती शिक्षा नव्हती. पान उघडं ठेवून मी त्यांना सही करायला सांगितलं. त्यांनी लाल ओळ वाचली, मग निळी, आणि पेन हातात धरून बराच वेळ निळ्या ओळीकडेच पाहत राहिले.